चौदा तास पंचवीस मिनिटं

हे लिहायला घेताना आधी माफी मागायला हवी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि कोणी स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्या असतील तर त्या फक्त भूसंपादनाच्या अर्जावर: मी अमुक जागेचा मालक होतो, माझी एवढी माणसं आहेत. खाली अंगठा. त्यांच्यातल्या एकाने उठून स्वतःची हकिकत लिहावी, आणि तीही तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, याचा मलाच संकोच वाटतो. आत्मकथन लिहिण्याएवढं मी काही केलेलं नाही. जे केलं ते एका मुलीच्या बाबतीत केलं, आणि तिची परवानगी मी घेतलेली नाही, कारण तिच्यापुढे उभं राहायची माझी हिंमत नाही. तरी लिहितो. चुकलं तर वाचणाऱ्याने सोडून द्यावं.

तेव्हा आमचं गाव नुकतंच उठलं होतं. खाडीकाठची घरं, शेतं, मिठागरं विमानतळात गेली आणि आम्ही उलव्याच्या बाजूला मिळालेल्या प्लॉटवर राहायला आलो. घर पक्कं होतं, फरशी इतकी चकचकीत की आई पहिले काही महिने भिंतीला धरून चालायची. किचनमध्ये गॅस होता, पण तांदळाची भाकरी गॅसवर फुगत नाही असं तिचं म्हणणं, म्हणून तिने जिन्याखाली विटांची चूल मांडली होती. तिथे बसून ती सुकट भाजायची आणि वास तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंपर्यंत जायचा. ते खिडक्या लावून घ्यायचे. पूर्वी निवट्या आणि चिंबोऱ्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे आणि खेकडे, बाबा स्वतः धरून आणायचे. आता तेच बाबा बाजारात चिंबोरी हातात धरून तिचं वजन बघायचे आणि परत ठेवून द्यायचे. दुपारी भोंगा वाजायचा. मग थोडा वेळ सगळं गप्प, आणि मग डोंगर फुटायचा. विमानांच्या वाटेत येतो म्हणून तो डोंगर रोज थोडा थोडा उडवत होते. मांडणीतली ताटं थरथरायची. बाबा जेवताना हात वर धरून बसायचे आणि धूळ खाली बसली की म्हणायचे, "गेला आजचा." मग पुढचा घास.

माझा थोरला भाऊ सुनील, आमचा दादा, बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. एका एजंटाने त्याला कॅनडात ट्रक चालवायचं काम मिळवून दिलं. दादा निघाला त्या दिवशी नव्या वसाहतीच्या कमानीवर मोठा फ्लेक्स लागला: गॉगल लावलेला दादा, मागे विमान, बर्फाचे डोंगर, "कॅनडा येथे रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", आणि खाली शुभेच्छुक म्हणून चौदा जणांचे फोटो. त्यातला एक माझा. आमच्याकडे माणूस बारशापासून बाराव्यापर्यंत फ्लेक्सवर असतो, त्यामुळे त्यात कोणाला जास्त काही वाटलं नाही. दोन पावसाळ्यांनी दादाचा चेहरा निळा पडला, तरी तो फ्लेक्स कोणी उतरवला नाही. येणारा जाणारा त्याच्याखालूनच जायचा.

मी तेव्हा खारघरच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होतो. दादा व्हँकुवरला पोचल्याचं कळल्यावर मी एक भिंतीवरचं घड्याळ आणलं, त्याच्या वेळेला लावलं आणि मार्करने खाली "दादा" असं लिहिलं. आईला शिकवलं: आपल्याकडे दुपार तेव्हा त्याच्याकडे रात्र. ती चुलीवरून उठून येऊन बघायची, "आता झोपला आसंल माजा पोर," आणि मग फोन करायची नाही. दादा व्हिडिओवर बोलायचा नाही, नेट महाग आहे म्हणायचा. फोटो पाठवायचा, बर्फात उभ्या ट्रकांचे. एकदा दुपारी साडेबाराला त्याचा फोन आला आणि आईने विचारलं, "जेवलास का?" तर तो म्हणाला, "आत्ताच उठलो जेवून." त्याच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ड्युटीमुळे उशीर होत असेल." मी लगेच कारण दिलं. मला कारणं लगेच सुचायची.

दादा जायच्या आधी त्याचा साखरपुडा झाला होता. मुलगी द्रोणागिरीजवळच्या गावातली, वृषाली. तिथल्या एका गोदामात ती आत येणाऱ्या कंटेनरची नोंद करायची. दोन वर्षं ती थांबली. आमच्यात थांबलेल्या मुलीला लोक विचारतात, "काय गं, विमान पोचलं का?" असं तिला रोज कोणीतरी विचारत असणार. शेवटी तारीख धरली. रविवारी लग्न, शनिवारी हळद, आणि दादा शुक्रवारी निघून येणार.

मला इंटरनेटवर एक पान सापडलं होतं. दोन विमानतळांची नावं टाकली की त्यांच्यातलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ येतो. व्हँकुवर ते मुंबई, बारा हजार दोनशे किलोमीटरच्या आसपास. चौदा तास पंचवीस मिनिटं. मला तो आकडा फार आवडला. पृथ्वी गोल आहे, विमान नकाशावर दिसतं तसं सरळ न जाता वरून वळसा घेतं, हे सगळं मी चार्ट पेपरवर काढून फ्रीजशेजारी चिकटवलं. मधल्या रेषेवर एक छोटं विमान काढलं. चंदरमामा, म्हणजे आईचा भाऊ, तो चार्ट बघून म्हणाला, "आयला, आमी विमानतलाला जमीन दिली आनि हा घरात विमान चालवतो. काय रं पायलट, खिडकीची सीट देशील का?" त्या दिवसापासून मी पायलट झालो. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. घरातल्या मोठ्या माणसांनी मला काही विचारावं आणि मी सांगावं, असं पहिल्यांदाच होत होतं.

निघायच्या आठवड्यात मी दादाला फोन केला.

"दादा, फ्लाइट नंबर सांग ना. मी मोबाइलवर बघत राहीन कुठं आलास ते."

"एजंटनं केलंय सगलं. बसताना कलंल. तू तुज्या परीक्षेचं बघ."

"मग बोर्डिंग पास तरी फेकू नको. मला बघायचाय. चार्टवर चिकटवणार आहे मी. आल्याआल्या पहिला तोच दे."

मागे ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते. मग तो म्हणाला, "बरं. आनतो." फोन ठेवल्यावर मी आईला सांगितलं की कॅनडातसुद्धा हॉर्न वाजवतात.

शुक्रवारी सकाळी सातला त्याचा मेसेज आला: "बसलो. फोन बंद होईल आता." मी मांडवात उभं राहून जाहीर केलं, रात्री नऊ पंचवीसला विमान उतरेल. बाबा, मामा आणि मी गाडी घेऊन मुंबईच्या विमानतळावर गेलो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. "आपल्या जागेतलं विमानतल झालं आसतं तं पोरगा दारातच उतरला आसता," एवढंच ते जाताना बोलले. दादा आला नाही. परत येताना मामाने गाडीत हसत हसत विचारलं, "पायलट, पेट्रोल संपलं वाटतं?" शनिवारी भल्या पहाटे मी पुन्हा ते पान उघडलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो वेळ थेट उड्डाणाचा आहे, आणि तिथून मुंबईला थेट विमान जातच नाही. मध्ये कुठेतरी उतरून दुसरं धरावं लागतं. मला केवढा आनंद झाला. चूक माझी होती, दादाची नव्हती. मी सगळ्यांना समजावलं: मधला मुक्काम धरला तर बावीस तास. बावीस झाले तेव्हा सत्तावीस केले, कारण मुक्काम लांबतो. सत्तावीस झाल्यावर इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा, धुकं. प्रत्येक कारण खरं होतं, पुस्तकात शोधलं तरी सापडलं असतं. मी तास वाढवत गेलो आणि माणसं थांबत गेली. मी नसतो तर कदाचित सकाळीच कोणीतरी साधं म्हणालं असतं, की पोरगा येत नाही.

आता आमच्या हळदीबद्दल थोडं सांगावं लागेल. हळद आधी नवऱ्याला लागते. त्याच्या अंगाची उरलेली, उष्टी हळद वाजतगाजत नवरीकडे जाते, आणि ती लागली की मुलगी त्या घरची झाली असं आमच्यात धरतात. शनिवारी दुपार झाली. मोठ्या पातेल्यात वडे तळून निघत होते, मटणाला उकळी आली होती, बँजोवाले खुर्च्यांवर डुलक्या घेत होते आणि पाट रिकामा होता. मामा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"हलद थांबत नाय. तिकडं पोरीची मान्सं वाट बघतात. बोल पायलट, विमान उतरलं का?"

"उतरलं असेल."

"आसंल नको. उतरलं का नाय?"

"गणिताने उतरलेलं आहे."

"झालं तं मग. अंगावर हलद कोनाच्या लागली ते हलदीला काय म्हाईत? बस तू."

लग्नातले विधी आमच्याकडे धवलारीण करते, गाणी म्हणून. आमची धवलारीण सत्तरीची होती. ती गाता गाता थांबली. "नाव मी सुनीलचंच घेनार," ती म्हणाली. "पुढचं तुमचं तुमी बघा." आणि पुन्हा गायला लागली. आईने आंब्याच्या पानाने माझ्या पायांना, खांद्यांना, गालांना हळद लावली. तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. त्याच वेळी भोंगा वाजला, डोंगर फुटला, आणि भिंतीवरचं दादाचं घड्याळ कलतं झालं. कोणीतरी ते सरळ केलं. मी आंघोळ करून शर्ट बदलला आणि हळदीचं ताट घेऊन टेम्पोत बसलो, कारण नवऱ्याचा धाकटा भाऊ म्हणून ते न्यायचा मान माझाच होता.

द्रोणागिरीच्या रस्त्याला नेहमीप्रमाणे ट्रेलरांची रांग लागली होती. बंदरात नंबर लागेपर्यंत ते दोन दोन दिवस तिथेच उभे असतात. ड्रायव्हर केबिनखाली सावलीला स्टोव्ह पेटवून भात शिजवतात. आमचा टेम्पो त्या रांगेच्या बाजूने गोगलगायीसारखा चालला होता. बँजोवाले जागे झाले होते आणि मामा टेम्पोच्या मागे नाचत होता. दोन-चार ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवून साथ दिली. मी ताट मांडीवर घट्ट धरलं होतं, सांडू नये म्हणून.

वृषालीच्या घरी बायकांनी ताट घेतलं. ती पिवळी साडी नेसून तयार होती. पाटावर बसायच्या आधी तिने मला स्वयंपाकघराच्या दारात बोलावलं. ती हळू, नीट बोलायची.

"भावोजी, खरं सांगा. ते आलेत?"

"विमान उतरलंय."

"कुठलं विमान?"

मी आतल्या पाटाकडे बघितलं.

"मी साधा कंटेनर नंबर बघितल्याशिवाय गेटच्या आत घेत नाही हो. दहा वेळा विचारलं त्यांना. शेवटी म्हणाले, तिकीट धाकट्याकडे पाठवलंय, तो शिकलेला आहे, त्याच्याकडे बघ. आहे ना तुमच्याकडे?"

पृथ्वीचा गोलावा मी धरला होता, घड्याळांमधला फरक धरला होता. तिकीट मी पाहिलं नव्हतं. माझ्या खिशात फोन थरथरत होता, आईचा असणार. आत बायका तिला हाका मारत होत्या. एक शब्द बोललो असतो तर ती उठून गेली असती, तिचा बाप आमच्या घरी भांडायला आला असता, आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं.

"आहे," मी म्हणालो.

"दाखवा ना."

"फोन घरी चार्जिंगला आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानामागे पिवळं राहिलं होतं. "तुम्हालापण लावली वाटतं?"

"मस्करीत लावली मामाने."

ती हसली. दोन वर्षांत मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होतो. "तुम्ही सांगताय म्हणून," ती म्हणाली आणि जाऊन पाटावर बसली. तिला ती हळद लावली. मी बघत उभा राहिलो.

रविवारी हॉलवर पाचशे माणसं होती. दादाचा फोन बंद होता. मुहूर्त टळला तेव्हा वृषालीच्या काकाने मला हाताला धरून स्टेजवर नेलं. वाजंत्रीवाल्याकडून माइक घेतला. तो चिडलेला नव्हता, तेच वाईट होतं. त्याला मजा येत होती.

"हा नवरदेवाचा भाऊ. सायन्सवाला. सांग सगल्यांना, किती तास लागतात?"

मी बाबांकडे पाहिलं. ते पहिल्या रांगेत त्याच पांढऱ्या शर्टात बसले होते आणि जमिनीकडे बघत होते.

"चौदा तास पंचवीस मिनिटं," मी म्हणालो.

लोक हसले.

"मंग?"

"मग बावीस."

जास्त हसले.

"मंग?"

"सत्तावीस."

"आनि आता किती झाले?"

"त्रेपन्न."

"त्रेपन्न! आरं, त्रेपन्न तासांत बैल पन पोचला आसता!" पोरं शिट्या मारायला लागली. कोणीतरी ओरडलं, "बोटीत बसलाय तो!" आई उठून येऊ लागली तर दोघींनी तिला खाली बसवलं. तेवढ्यात माझ्याच मामाला, चुकून की मला वाचवायला हे मला आजही कळलेलं नाही, राहवलं नाही. तो ओरडला, "पोरावर कशाला हसता? हलद तरी यानंच लावून घेतली ना!"

हसणं थांबलं. काकाने माइक खाली केला आणि माझ्याकडे नव्याने पाहिलं. "म्हनजे आमच्या पोरीच्या अंगाला याची हलद हाय?" मग तो वळून म्हणाला, "मग झालं की! बसवा यालाच. विमानाचं भाडं वाचलं!"

काही लोक पुन्हा हसले, पण काही हसले नाहीत. दोन म्हाताऱ्या मान डोलवत होत्या, म्हणजे त्यांना ते पटत होतं. वृषाली मागच्या खोलीतून बाहेर आली होती. कपाळाला मुंडावळ्या, चेहरा अजून पिवळट. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते खरं लिहितो, कारण खोटं एकदा बोललोय: मला वाटलं, ती हो म्हणाली तर मी बसेन, आणि सगळं भरून निघेल.

"याला नको," ती म्हणाली. माइक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "तो आला नाही. हा आला, आणि तोंडावर खोटं बोलला."

मग ती जेवणाच्या बाजूच्या बेसिनकडे गेली. लोकांनी वाट दिली. तिने मुंडावळ्या काढून बाजूला ठेवल्या आणि भांडी घासायच्या साबणाने तोंड, मान, हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. हळद अशी जात नाही. पाचशे माणसं बघत होती आणि नळाचा आवाज येत होता.

त्यानंतर दादाचा नंबर कधीच लागला नाही. एजंटाच्या ऑफिसात चपलांचं दुकान आलं. बाबा पोलीस चौकीत जाऊन आले, तिथे त्यांना विचारलं, "विमानाचा नंबर?" ते परत आले आणि त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मी पास झालो. आता खारघरमध्येच ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, आणि वेग, वेळ, अंतराचं गणित फळ्यावर घालताना विमान घेत नाही, सायकल घेतो. डोंगर संपला. विमानं आता आमच्या गच्चीवरून जातात, इतकी खाली की चाकं दिसतात. आई अजून दर काही महिन्यांनी दादाच्या घड्याळाचा सेल बदलते. मी एकदा ते काढायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. तिकडं आता रात्र हाय." वृषाली त्याच गोदामात आहे, एवढं मला माहीत आहे. त्यापुढचं सांगायचा मला हक्क नाही.

गेल्या महिन्यात सीवूड्स स्टेशनबाहेर मला दिना भेटला. आमच्या जुन्या गावातला, दादाबरोबरचा ड्रायव्हर. चहा घेऊ म्हणाला. ग्लास हातात फिरवत राहिला, मग म्हणाला, "सा महिने झाले, सुनीलचा फोन लागत नाय. म्हनून सांगतो. नायतर मी शब्द दिलेला."

मला वाटलं तो वर्षांमध्ये चुकतोय. "सहा महिने?"

"तो कॅनडाला गेलाच नवता रे. एजंटनं दिल्लीला नेऊन सोडला. एक महिना फिरला, मग गुजरातला बंदरावर ट्रेलरवर लागला. परत कसा येनार? कमानीवर तेवढा मोठा फोटो. दर दोन हप्त्यांनी माल घेऊन इथंच यायचा, द्रोणागिरीला. रांगेत उभा राहायचा, तुमच्या घरापास्नं अर्ध्या तासावर. खाली करून परत जायचा."

मी विचारलं, आणि लग्नाच्या वेळी?

"तवा पन इथंच व्हता. नवी बॅग घेऊन आलेला, चाकं असलेली. नवीन शर्ट. ठरवलेलं त्यानं, शुक्रवारी रात्री बॅग घेऊन घरी जायचं, सांगायचं विमानातनं आलो. शुक्रवारी नाय गेला. शनिवारी तुमचा टेम्पो आमच्या बाजूनं गेला. बँजो वाजत व्हता. तू ताट घेऊन बसलेलास. केबिनच्या काचेतनं बघितलं त्यानं. मी बोललो, उतर ना, ह्याच टेम्पोत चढ, कोन काय विचारतंय तुला? तं रडायला लागला. बोलला, बाकी सगल्यांना सांगीन मी काय पन. पन धाकटा शिकलाय. तो दारातच बोर्डिंग पास मागंल."